तापात काढलेला ईसीजी

मार्च-एप्रिल २०२०. न्यूयॉर्क शहरातल्या सहा रुग्णालयांत मिळून कोविडचे १८ रुग्ण असे निघाले, की त्यांच्या ईसीजीत 'एसटी' हा भाग वर उचललेला होता. कुठल्याही कॅज्युअल्टीत असा ईसीजी हाती आला की धावपळ सुरू होते. हृदयाला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी अचानक बंद पडल्याची ती खूण मानली जाते, आणि वाहिनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. या १८ जणांपैकी ९ जणांची अँजिओग्राफी झाली. सहा जणांच्या वाहिनीत अडथळा सापडला. तिघांच्या वाहिन्या मात्र मोकळ्या होत्या. सगळ्या तपासण्या एकत्र ठेवून डॉक्टरांनी अखेर ८ जणांना हार्ट अटॅक आल्याचं निदान केलं. उरलेल्या दहा जणांच्या हृदयालाही इजा झालेली होती, पण वाहिनी बंद पडल्यामुळे नव्हे. १८ पैकी १३ जण रुग्णालयातच दगावले. त्यांतले चार हार्ट अटॅकचे होते. नऊ जण त्या दुसऱ्या, 'अटॅक नसलेल्या' गटातले होते.

वाहिनी मोकळी म्हणजे जिवावरचं टळलं, या नेहमीच्या समजुतीला ही आकडेवारी छेद देणारी होती. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ती छापून आली तेव्हा जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ एकाच कोड्यात अडकले होते: विषाणूनं ग्रासलेल्या माणसाचा ईसीजी बिघडतो तेव्हा तो नेमकं काय सांगत असतो? कोडं कोविडपुरतं नव्हतंच. इन्फ्लुएन्झा, डेंग्यू, कॉक्सॅकी गटातले विषाणू हे सगळे हृदयाला हात लावतात. महाराष्ट्रात दर पावसाळ्यात तापाच्या रुग्णांनी दवाखाने भरतात. म्हणजे महासाथ ओसरली तरी प्रश्न तसाच उभा आहे.

आधी त्या कागदाच्या पट्टीविषयी. ईसीजीचा जन्म हॉलंडमधल्या लायडेन शहरातला. तिथले प्राध्यापक विलेम आइन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चुंबकाच्या दोन टोकांमध्ये क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू ताणून हृदयातली वीज मोजणारं यंत्र उभं केलं. त्याचं वजन २७० किलोच्या घरात होतं, ते चालवायला पाच माणसं लागत, आणि रुग्ण दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसत असे. पी, क्यू, आर, एस, टी ही लाटांची नावं आइन्थोवेन यांनीच दिली आणि ती आजतागायत टिकून आहेत. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज तेच काम हातात धरून नेता येईल असं यंत्र करतं. दहा तारा, बारा बाजूंनी पाहिलेलं हृदय, आणि सेकंदाला २५ मिलिमीटर वेगानं सरकणारा गुलाबी चौकटींचा कागद.

छोटी चौकट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, मोठी म्हणजे पाचवा. पहिली बारीक टेकडी, 'पी', ही वरच्या दोन कप्प्यांतून वीज फिरल्याची. मग येणारा टोकदार सुळका, 'क्यूआरएस', हा खालच्या मोठ्या कप्प्यांचा. शेवटची गोलसर 'टी' म्हणजे स्नायू पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतोय. सुळका आणि 'टी' यांच्यामधली सपाट रेघ म्हणजे तो 'एसटी' भाग. ती रेघ वर चढली किंवा खाली बसली तर स्नायूला इजा होत असल्याची शंका घ्यायची. क्यूच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर म्हणजे 'क्यूटी'. हे शेवटचं नाव वाचकांनी ध्यानात ठेवावं, कारण विषाणूंच्या तापात औषधांचा घोटाळा होतो तो याच अंतरावर.

तापानं फणफणलेल्या माणसाचा ईसीजी काढणं हेही कसब आहे. लाल क्लिप उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. छातीवर जेली लावून सहा वाट्या ओळीनं बसवायच्या. रुग्ण हुडहुडीनं थरथरत असेल तर पट्टीवर रेघही थरथरते, आणि यंत्रातला संगणक त्या थरथरीला हृदयाची अनियमित लय समजून तसं छापून मोकळा होतो. जाणता तंत्रज्ञ अशा वेळी रुग्णाच्या अंगावर पांघरूण घालतो, थंडी भरून यायची थांबेपर्यंत वाट पाहतो आणि पट्टी पुन्हा काढतो. घाईत लाल आणि पिवळी क्लिप उलटसुलट लागली, तर पहिल्याच ओळीतल्या लाटा उलट्या पडतात आणि धडधाकट माणसाचा ईसीजी रोग्याचा दिसू लागतो. पट्टीच्या डोक्यावर यंत्रानं छापलेलं 'ॲबनॉर्मल ईसीजी' वाचून घरची माणसं हादरतात. तो छापील शेरा म्हणजे निदान नव्हे. रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरनं पट्टी स्वतः वाचेपर्यंत त्याला फारशी किंमत देऊ नये.

साध्या तापात दिसणारा सगळ्यात नेहमीचा बदल म्हणजे वाढलेली गती. शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसनं चढलं की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. १०२ फॅरनहाइट ताप असलेल्या माणसाची नाडी शंभराच्या पुढे गेली तर त्यात नवल काही नाही. कागदावर 'सायनस टॅकिकार्डिया' असं भारदस्त नाव उमटतं, पण तो तापाचा हिशेब असतो. काळजी करायची ती हिशेब जुळत नाही तेव्हा: ताप उतरून दोन दिवस झाले, माणूस पडून आहे, तरी नाडी १२० च्या खाली येत नाही, किंवा ताप भरपूर आणि नाडी मात्र पन्नासावर. हा विसंवाद अनुभवी फॅमिली डॉक्टर नाडीवर बोट ठेवूनच पकडतात, आणि ईसीजी तेव्हाच सांगतात.

विषाणू हृदयापर्यंत पोहोचतो कसा, याचं सर्वांत तपशीलवार उत्तर कॉक्सॅकी विषाणूच्या अभ्यासातून मिळालं. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी याच नावाचं एक छोटं गाव आहे. १९४८ मध्ये तिथल्या रुग्णांच्या नमुन्यांतून हा विषाणू वेगळा केला गेला. याच्या 'बी' गटाला हृदयाच्या पेशीवर बसायला एक खास ग्राहक रेणू मिळतो. आत शिरल्यावर त्याचं एक विकर स्नायूपेशीचा सांगाडा पेलणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिनच तोडतं. हेच प्रथिन जन्मतः नसलं की मुलांना ड्यूशेन हा स्नायूंचा असाध्य आजार होतो. म्हणजे विषाणू पेशीला नुसता आजारी पाडत नाही, तिचा कणाच मोडतो. पुढे शरीराची रोगप्रतिकारशक्ती चालून येते आणि विषाणू मारताना स्नायूही भाजून निघतो. हृदयाच्या स्नायूची ही सूज म्हणजे मायोकार्डायटिस.

कोविडचा मार्ग मात्र बहुतेक वेळा आडवळणाचा निघाला. त्याला पेशीत शिरू देणारा 'एसीई-२' हा रेणू हृदयातही आहे, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की विषाणू थेट हृदयावरच झडप घालतोय. शवविच्छेदनं झाली तेव्हा पारंपरिक पद्धतीचा मायोकार्डायटिस तुलनेनं कमी जणांत सापडला. बारीक वाहिन्यांतल्या गुठळ्या, रक्तातला कमी पडलेला प्राणवायू, अंगभर पेटलेला दाह, फुप्फुसांच्या आजारामुळे उजव्या कप्प्यांवर आलेला ताण अशी कारणं जास्त दिसली. त्यात तापामुळे हृदयाची गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला. मिळकत कमी झाली त्याच महिन्यात लग्नकार्य निघावं, तशी त्या स्नायूची गत. ज्याच्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याच्या हृदयाला हा ताण पेलत नाही.

म्हणूनच एकाच विषाणूच्या रुग्णांचे ईसीजी इतके वेगवेगळे दिसतात. हृदयाच्या आवरणाला सूज आली असेल तर 'एसटी' जवळजवळ सगळ्याच ओळींत थोडा थोडा उचललेला असतो आणि रुग्ण सांगतो, पुढे वाकून बसलं की छातीतली कळ कमी होते. फुप्फुसाच्या वाहिनीत मोठी गुठळी अडकली असेल तर उजव्या बाजूवरचा ताण दिसतो, कधी उजव्या शाखेचा विद्युतमार्ग अडलेला असतो. सूज वीज वाहून नेणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचली की वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्यांना उशिरा मिळतो किंवा मिळतच नाही; त्याला ब्लॉक म्हणतात. वाहिनीतल्या ब्लॉकेजशी त्याचा संबंध नाही, आणि हा घोळ घरोघरी होतो. काही लोकांच्या जनुकांतच एक दोष दडलेला असतो. एरवी त्यांचा ईसीजी ठीक असतो, पण ताप चढला की त्यावर ब्रुगाडा नावाची धोक्याची खूण उमटते. अशा कुटुंबांना ताप आला की तो ताबडतोब उतरवा, असं डॉक्टर बजावून ठेवतात.

या खुणांवरून रुग्णाचं पुढे काय होणार हे कळतं का? काही प्रमाणात, हो.

पहिला इशारा वुहानहून आला. तिथल्या रेनमिन रुग्णालयातल्या ४१६ कोविड रुग्णांपैकी ८२ जणांच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं सापडलं. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात झिरपणारं प्रथिन. या ८२ पैकी निम्म्याहून अधिक, ५१.२ टक्के रुग्ण दगावले. ज्यांचं ट्रोपोनिन वाढलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ४.५ टक्के होतं. वुहानमधल्याच आणखी एका रुग्णालयानं १८७ रुग्णांची फोड करून दाखवली ती अधिक बोलकी आहे. आधीपासून हृदयविकार होता पण या आजारात हृदयाला इजा झाली नाही, अशांपैकी १३.३ टक्के मृत्यू पावले. आधी हृदयविकार नव्हता पण आता इजा झाली, अशांत ३७.५ टक्के. दोन्ही होतं त्यांच्यात ६९.४ टक्के. जुना हृदयरोगी म्हणून जो घाबरून होता त्याच्यापेक्षा 'मला कधीच काही नव्हतं' म्हणणारा, पण ज्याचं हृदय या तापात दुखावलं तो रुग्ण जास्त धोक्यात होता. हा धडा डॉक्टरांइतकाच घरच्यांनीही घेण्यासारखा आहे.

ट्रोपोनिनची चाचणी सगळीकडे होत नाही आणि तिला वेळ लागतो. ईसीजी पाच मिनिटांत, कमी पैशांत, तालुक्याच्या गावीही निघतो. म्हणून न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखल होतानाच्या पहिल्या ईसीजीवरून काय सांगता येतं ते तपासलं. एकूण ७५६ रुग्ण होते, त्यांतले ९० पुढे वारले. उलट्या पडलेल्या 'टी' लाटा, उजव्या शाखेचा ब्लॉक, वरच्या कप्प्यांतून निघणारे अवेळी ठोके यांपैकी काही दिसलं, तर मृत्यूची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. वय आणि इतर आजार हिशेबात धरूनही हा फरक राहिला. विशेष म्हणजे यंत्र ज्याला 'नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस' असं गुळमुळीत नाव देतं, ज्याकडे एरवी काणाडोळा होतो, त्या बदलांनाही अर्थ होता. नवखा डॉक्टर तो शेरा वाचून पट्टी फायलीत टाकून देतो. आजारी माणसाच्या बाबतीत तसं करू नये, हे या अभ्यासानं ठसवलं.

मात्र दोन खबरदाऱ्या हव्यात. ईसीजी बिघडला म्हणून माणूस मेला असं नाही. आजार जबर होता म्हणून ईसीजी बिघडला आणि मृत्यूही आला, असंही असू शकतं. आणि दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची: ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय सुरक्षित, असंही नाही. मायोकार्डायटिसच्या काही रुग्णांचा पहिला ईसीजी साफ असतो, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी काढलेल्या पट्टीत बदल दिसतात. म्हणून लक्षणं बोलत असतील तर एका पट्टीवर विसंबून चालत नाही. पट्टी पुन्हा काढावी लागते, ट्रोपोनिन करावं लागतं, टूडी इकोत हृदय आकुंचन नीट पावतंय का ते बघावं लागतं. मायोकार्डायटिसमध्ये 'क्यूआरएस'चा सुळका रुंद झालेला असला तर तो आजार वाईट वळण घेण्याची शक्यता जास्त, हे अनेक ठिकाणी दिसून आलेलं आहे.

डेंग्यूचं चित्र महाराष्ट्राला अधिक ओळखीचं आणि बरंचसं दिलासा देणारं आहे. ताप उतरल्यावर, रुग्ण बरा होत असताना नाडी मंदावते, कधी मिनिटाला पन्नासाच्याही खाली जाते. 'टी' लाटा उलटतात, वरून खाली निरोप जायला थोडा उशीर होतो. नातेवाइकांना धसका बसतो, पण बहुतेकांत हे बदल काही दिवसांत आपोआप निवळतात आणि कसलंही औषध लागत नाही. चिंता असते ती ताप उतरण्याच्या सुमारासच्या एक-दोन नाजूक दिवसांची. तेव्हा रक्तातला द्रव वाहिन्यांतून बाहेर झिरपतो, रक्तदाब पडतो, आणि सलाईन द्यावं लागतं. हृदयाचा स्नायूही दुखावलेला असेल तर तेच सलाईन जड पडतं, फुप्फुसांत पाणी साचतं. किती द्यायचं आणि कधी थांबायचं याचा हा तोल आहे. घरी 'एक बाटली चढवून घेऊ, तरतरी येईल' म्हणून सलाईन लावण्याची जी पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे, ती डेंग्यूच्या दिवसांत धोक्याची आहे.

इन्फ्लुएन्झाला तर आपण तापात मोजतच नाही. 'सर्दी-तापच आहे' म्हणतो आणि अंगावर काढतो. पुण्यानं २००९ च्या ऑगस्टमध्ये एच१एन१ चा देशातला पहिला मृत्यू पाहिला, त्यानंतर काही वर्षं भीती होती, मग तीही ओसरली. हृदयाच्या दृष्टीनं इन्फ्लुएन्झा काय करतो हे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतानं २०१८ मध्ये आकड्यांत दाखवलं. प्रयोगशाळेत इन्फ्लुएन्झा सिद्ध झालेल्या रुग्णांचे, त्याआधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष या काळातले, हार्ट अटॅकचे ३६४ प्रसंग तपासले गेले. चाचणीनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण इतर काळाच्या सहापट निघालं. याचा उलटा पुरावाही आहे. नुकताच अटॅक येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांवर आठ देशांत चाचणी झाली, त्यांत शेजारचा बांगलादेशही होता. निम्म्यांना फ्लूची लस दिली, निम्म्यांना खोटी सुई. वर्षभरात लस न मिळालेल्या गटात ४.९ टक्के मृत्यू झाले, लस मिळालेल्यांत २.९ टक्के. हृदयरोग्यासाठी गोळ्यांइतकीच ही लस मोलाची आहे, आणि आपल्याकडे किती हृदयरोगी ती घेतात याची चौकशी प्रत्येकानं आपल्याच घरात करून पाहावी.

आता औषधांकडे. कोविडच्या पहिल्या महिन्यांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गाजावाजा झाला. २३ मार्च २०२० ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची सूचना आली, की कोविड रुग्णांच्या संपर्कातल्या आरोग्यसेवकांनी ती प्रतिबंधासाठी घ्यावी. लगेच सर्वसामान्यांनी मेडिकलच्या दुकानांत गर्दी केली. तीन दिवसांनी सरकारला तिच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. या गोळीचा एक जुना, माहीत असलेला दोष म्हणजे ती 'क्यूटी' अंतर लांबवते. ॲझिथ्रोमायसिनही तेच करतं, आणि जगभर दोन्ही एकत्र दिली जात होती. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयानं अशा ८४ रुग्णांचे ईसीजी तपासले. ११ टक्क्यांत 'क्यूटी' ५०० मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला. ५०० ही धोक्याची रेघ. तिच्यापलीकडे पुढचा ठोका अवेळी पडला, तर सुळके रेघेभोवती पीळ घातल्यासारखे फिरू लागतात, हृदय रक्त ढकलेनासं होतं आणि माणूस कोसळतो. मे महिन्यात भारतीय परिषदेनं सुधारित सूचनेत ईसीजी काढण्याचा मुद्दा घातला. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीनं या गोळीचा दाखल रुग्णांना फायदा नसल्याचं जाहीर केलं, आणि १५ जूनला अमेरिकेनं आपली तातडीची परवानगी मागे घेतली.

तो अध्याय मिटला, पण त्यातली चूक आपल्या रोजच्या व्यवहारात शाबूत आहे. विषाणूंच्या तापावर ॲझिथ्रोमायसिनचा काही उपयोग नसतो, तरी तीन गोळ्यांचं पाकीट दुकानातून चिठ्ठीशिवाय येतं. उलट्या होतात म्हणून ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडॉन जोडलं जातं. बरं वाटलं नाही म्हणून कुणी लिव्होफ्लॉक्सॅसिन सुचवतं. ही चारही औषधं क्यूटी लांबवणारी आहेत. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पोटॅशियम घटलेलं असतं, त्यानं हा धोका आणखी वाढतो. तरुण, निरोगी माणूस बहुधा यातून निभावतो. साठी ओलांडलेली आजी, तिच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आधीच अशक्त हृदय आणि वर हे मिश्रण, म्हणजे अपघाताला आमंत्रण. दुकानदाराला विचारून तापावर गोळ्या घेण्याची सवय मोडली पाहिजे. निदान ज्यांना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तरी.

बरं झाल्यानंतर काय, यावरही बरंच रान उठलं. जुलै २०२० मध्ये फ्रँकफर्टहून बातमी आली, की कोविडमधून बऱ्या झालेल्या १०० जणांपैकी ७८ जणांच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये काही ना काही दोष सापडला. जग धास्तावलं. पुढे अमेरिकेत विद्यापीठांच्या १५९७ खेळाडूंची तपासणी झाली, त्यांत मायोकार्डायटिस ३७ जणांत आढळला. व्यावसायिक संघांतल्या ७८९ खेळाडूंपैकी हृदयाचा दाह होता तो पाच जणांना. पहिली बातमी मोठ्या अक्षरांत छापली गेली आणि दुसरी आतल्या पानावर गेली, हे नेहमीचंच. पण प्रश्न पूर्ण निकालात निघाला असंही नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या दीड लाखाहून अधिक माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोविड होऊन गेलेल्यांत वर्षभर अनियमित ठोके, गुठळ्या, हार्ट फेल्युअर यांचं प्रमाण इतरांहून जास्त होतं, आणि घरीच बरे झालेल्यांतही थोडी वाढ दिसली. हे सैनिक बहुतांश वयस्क पुरुष होते, हे लक्षात ठेवून तो अभ्यास वाचावा.

खेळाडूंच्या बाबतीत डॉक्टरांची सूचना स्पष्ट आहे: मायोकार्डायटिस झाला असेल तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद. बायर्न म्युनिकचा कॅनडियन फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस याला जानेवारी २०२२ मध्ये कोविडनंतर हृदयाला हलकी सूज असल्याचं निष्पन्न झालं. लक्षावधी युरोचा खेळाडू, तरीही क्लबनं त्याला बाहेर बसवलं, आणि तो एप्रिलमध्ये मैदानात परतला. कॉक्सॅकी विषाणूची बाधा झालेल्या उंदरांना पोहायला लावलं तर त्यांच्या हृदयातला विषाणू बेसुमार वाढतो, हे १९७० सालीच प्रयोगात दिसलं होतं. आपल्याकडे साताऱ्याची हिल मॅरेथॉन पावसाळ्याच्या अखेरीस येते, नेमकी तापाच्या दिवसांत. नोंदणीचे पैसे भरलेत म्हणून अंगात कणकण असताना पळू नये. ताप गेल्यावर जिने चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागत असेल, छातीत धडधड होत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी दवाखाना.

तापात ईसीजी कुणाचा काढायचा, याला कुणाच्याही मनाचा नियम नको. दर सर्दी-तापाला पट्टी काढायची गरज नाही. छातीत दुखणं, धाप, भोवळ, नाडीची विचित्र गती, पायांवर सूज, प्राणवायूची पातळी घसरणं यांपैकी काही असेल तर उशीर करू नये. आधीचा हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असेल तर उंबरठा आणखी खाली ठेवावा. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात आजच करता येण्याजोगी आहे. उलटलेली 'टी' लाट या तापाची, की दहा वर्षांपूर्वीपासून तशीच आहे, याचा निवाडा रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला करायचा असतो, आणि तो करायला जुनी पट्टी लागते. ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो. उन्हानं, उष्णतेनं आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवल्यानंही तो फिका पडतो. म्हणून घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या शेवटच्या ईसीजीची झेरॉक्स काढावी, तिच्यावर नाव आणि तारीख लिहावी, मोबाइलवर तिचा फोटो ठेवावा, आणि चालू गोळ्यांची यादी तिलाच टाचून ठेवावी.